हिरव्या नरकात सासरेबुवा

साठीला माणसाला शाल मिळावी, श्रीफळ मिळावं, फार तर गुडघ्याचा पट्टा मिळावा. मला जावयाने जर्मनीतल्या न्यूर्बुर्गरिंग या मोटारशर्यतीच्या ट्रॅकची एक फेरी दिली. तीही पोर्शेतून. आणि गाडी चालवायची मी.

"बाबा, तुम्हाला ड्रायव्हिंगची केवढी आवड!" निनादराव म्हणाले. दोष त्यांचा नव्हे. ऋतूच्या लग्नाच्या बोलणीत, पोह्यांच्या बशा हातात असताना, मीच सांगितलं होतं की एकतीस वर्षांत माझ्या गाडीला एक ओरखडा नाही. (होते. पण ते पार्किंगमधले. पार्किंगमधले धरायचे नसतात.) वरंधा घाट धुक्यात कसा उतरवला हेही सांगितलं होतं. दिवे गेले होते हा तपशील त्या संध्याकाळी सुचत गेला. व्याह्यांनी तोंडात बोटं घातली आणि मुलाने सगळं मनात लिहून ठेवलं. चार वर्षांनी आम्ही उभयता कोलोनला लेकीकडे गेलो तेव्हा त्याची परतफेड झाली.

"अहो, यांना सिंहगडाच्या घाटात गाडी लागते," हिने जावयासमोरच सांगून टाकलं.

"मागे बसलो तर," मी म्हणालो. "चालवताना लागत नाही." हे वाक्य लक्षात ठेवा. मला ते फार महागात पडलं.

कोलोनहून निघाल्यावर तासा-दीड तासात आयफेलचे डोंगर लागतात. वाटेत निनादरावांनी इतिहास सांगितला. १९२० च्या दशकात हा भाग गरिबीने गांजलेला होता. लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून १९२५ साली हा ट्रॅक बांधायला घेतला, १९२७ मध्ये तो सुरू झाला. म्हणजे आपली रोजगार हमी योजनाच की! आपल्याकडे बहात्तरच्या दुष्काळात लोकांनी खडी फोडली, पाझर तलाव खणले. यांनी त्याच खडीतून जगातला सगळ्यात भयंकर रस्ता काढला. मधोमध टेकडीवर न्यूर्बुर्गचा पडका किल्ला. किल्ला, त्याला वेढा घालणारा वळणांचा रस्ता, खाली गाव. मला वाटलं, आपल्या मावळातच आलो. मग जरा धीर आला.

या ट्रॅकचा जुना उत्तरेकडचा भाग म्हणजे नॉर्डश्लायफं. लांबी २०.८ किलोमीटर. स्वारगेटहून निघालात तर खडकवासल्याच्या पुढे कुठेतरी पोचाल. त्यात सत्तरच्या वर वळणं. (ती मोजण्यावरून जाणकारांत भांडणं आहेत. कोणी दीडशेच्या पुढे जातात. मी घाबरत घाबरत मोजली, माझी त्याहून जास्त भरली.) शर्यत नसते तेव्हा हा रस्ता चक्क सर्वसामान्यांना खुला असतो. टोलसारखे पैसे भरायचे, फाटक उघडतं, आत घुसायचं. टोल भरून जिथून निघालो तिथेच परत यायचं, एवढाच काय तो फरक.

सगळ्यात खालची आणि सगळ्यात वरची जागा यांच्या उंचीत जवळजवळ ३०० मीटरचा फरक. "इथे एका टोकाला ऊन असतं आणि दुसरीकडे धो धो," निनादराव म्हणाले. हिने लगेच पर्समधली छत्री चाचपली.

"आणि १९६८ मध्ये शर्यतपटू जॅकी स्टुअर्ट इथे पावसात, धुक्यात जिंकला. त्याने या ट्रॅकला नाव दिलं, हिरवा नरक."

"जिंकलेला माणूस नरक म्हणतो?" ऋतूच्या आईने विचारलं. गाडीत थोडा वेळ कोणी बोललं नाही.

गाडी भाड्याने देणाऱ्या दुकानात आधी मला स्विफ्ट दाखवली. होय, आपली सुझुकी स्विफ्ट. नवख्यांना म्हणे तीच बरी पडते. मी हातानेच नको म्हटलं. आमच्या सोसायटीत अकरा स्विफ्ट आहेत. त्यातली एक रोज माझ्या वॅगन-आरच्या पुढे आडवी असते. तीच चालवायला मी सात समुद्र ओलांडून आलो नव्हतो. शेवटी पोर्शेची केमन ठरली. पिवळी, हळदीच्या अंगाची. इंजिन सीटच्या मागे, डिकी पुढे, आणि पुढची डिकी उघडली की मागेही एक डिकी. सामान ठेवायला दोन जागा आणि बसायला दोनच माणसं, हा हिशेब मला आजवर कळलेला नाही.

मग कागद आले. बँकेत एकतीस वर्षं मी लोकांकडून कर्जाच्या कागदांवर सह्या घेतल्या आणि न वाचता सही करणाऱ्यांकडे दयेने पाहिलं. त्या दिवशी मी जर्मन भाषेतल्या चार पानांवर दयनीय चेहऱ्याने सह्या केल्या. निनादरावांनी गोषवारा सांगितला. गाडी ठोकलीत तर अमुक हजार युरोपर्यंत तुमचे. रस्त्याकडेचा लोखंडी कठडा वाकवलात तर त्याचा खर्च वेगळा. कठडा मीटरवर मोजतात. क्रेन वेगळी. ट्रॅक बंद ठेवावा लागला तर तेही बिलात.

"आणि जामीनदार?"

"कार्ड माझं आहे, बाबा," ते हळूच म्हणाले.

ही आणि ऋतू पार्किंगमध्ये थांबल्या. मी थाटात गाडीचं उजवं दार उघडलं, आत बसलो आणि स्टिअरिंग शोधू लागलो. निनादराव बाहेर उभे. जावई माणूस, "सासरेबुवा, त्या बाजूला" असं कसं म्हणणार! ते नुसतेच आभाळाकडे बघत राहिले.

जागांची अदलाबदल झाल्यावर त्यांनी नियम सांगितला. एकच नियम. तुम्ही नवीन आहात, सगळे तुमच्याहून जोरात येणार. डावीकडूनच ओव्हरटेक होतं. मागून कोणी आलं की उजवा इंडिकेटर द्या, उजवीकडे राहा, त्यांना जाऊ द्या.

आता उजव्या इंडिकेटरशी आपलं नातं सगळ्यांना ठाऊक आहे. घाटात पुढच्या ट्रकने उजवा इंडिकेटर दिला तर त्याचा अर्थ 'ये बाबा, जा पुढे' असतो किंवा 'मी उजवीकडे वळतोय' असतो, आणि यातलं नेमकं कोणतं हे वळल्यावरच कळतं. मी स्वतः इंडिकेटर बेताने वापरतो. आपण कुठे जाणार हे पुण्यात सगळ्यांना सांगत सुटलं की लोक आधीच तिथे जाऊन उभे राहतात.

फाटक उघडलं. पहिल्याच वळणाला साबीने श्मित्झ यांचं नाव आहे. त्या याच गावात वाढल्या, इथली चोवीस तासांची शर्यत १९९६ आणि १९९७ अशी दोनदा जिंकल्या, २०२१ मध्ये गेल्या. टीव्हीच्या एका कार्यक्रमात या बाईंनी डिझेलवरची मालवाहू व्हॅन १० मिनिटं ८ सेकंदांत इथून फिरवून आणली होती. व्हॅन! आपल्याकडे जिच्यातून सिलिंडर येतात तसली. मी मनोमन नमस्कार केला. तेवढ्यात आरशात काहीतरी निळं दिसलं.

"बाबा, इंडिकेटर."

मी हात घातला आणि वायपर सुरू झाले.

इथे थोडं तांत्रिक सांगतो, नाहीतर माझ्याबद्दल गैरसमज होईल. आमच्या मारुतीत इंडिकेटरची दांडी उजव्या हाताला, वायपरची डाव्या. या लोकांच्या गाड्यांत बरोबर उलटं. तीस वर्षांची हाताची सवय काय एका पोर्शेसाठी बदलते? मी दांडी खाली केली, वर केली, गडबडीत स्वतःकडे ओढली. त्याबरोबर काचेवर पाण्याचे फवारे उडाले आणि टपावरून मागच्या निळ्या गाडीवर गेले. ती तशीच भिजत, वाट न मिळताच, सुंकन पुढे निघून गेली. त्यानंतर वायपर थांबेनात. कडकडीत ऊन, कोरडी काच, आणि त्यावर रबराचं 'किर्र-खट, किर्र-खट'. शाळेत बाई फळ्यावर खडू घासायच्या, तसं.

"असू द्या, बाबा. मी बंद करतो," म्हणत निनादरावांनी हात पुढे केला. त्याच क्षणी रस्ता खाली गेला.

खाली गेला म्हणजे वळला नाही, उतरला नाही. होता तो नाहीसाच झाला. ही फुक्सरोअर, कोल्ह्याचं बीळ. झाडीतून सरळ खाली, आणि तळाशी पोचल्याबरोबर तसाच वर. खाली जाताना पोट टाळूला लागलं, वर येताना तेच पोट गुडघ्यांपाशी. वेग किती होता ते सांगणार नाही. निनादरावांच्या मते एकशेवीस. माझ्या पोटाच्या मते चारशे. उजवा हात स्टिअरिंगवरून काढून खिशातली आवळासुपारीची डबी काढावी असा विचार मनात आला, पण हात स्टिअरिंग सोडायला तयार नव्हता. चालवताना लागत नाही, हे वाक्य आठवलं.

"बाबा, आता ब्रेक लावला तर बरं होईल."

लक्षात घ्या, पुढे आडेनाउअर फोर्स्ट होतं. रस्ता सरळ आहे असं वाटायला लावून ऐन वेळी डावीकडे आणि लगेच उजवीकडे वळणारं. नवखी मंडळी इथे हटकून गवतात जातात. दुसऱ्या कोणी माझ्या कानात बोंब मारली असती. पण हा जावई. याला आपल्या सासऱ्यावर ओरडण्याची सोय परंपरेने ठेवलेली नाही. "बाबा, ब्रेक... प्लीज... म्हणजे, जमलं तर... बाबा!" एवढं सगळं आदरार्थी बहुवचनात होईपर्यंत आम्ही वळणात होतो. मी दोन्ही पाय ब्रेकवर उभे केले. गाडी शहाणी, तिने आमचं दोघांचंही न ऐकता आपलं आपण वळण घेतलं.

मागून एक स्टेशन वॅगन आली. टपावर सामानाची पेटी, मागच्या काचेतून लहान मुलाची खुर्ची दिसत होती. मी विचारपूर्वक, शांतपणे हात घातला. फवारा उडाला. वॅगनही भिजून पुढे गेली. त्या बाप्याने हात मात्र केला. आभार असावेत.

पुढे एक पूल गेला, चढ लागला आणि निनादराव हळू आवाजात म्हणाले, "बाबा, इथेच पुढे १ ऑगस्ट १९७६ ला शर्यतपटू निकी लाउडाची गाडी पेटली होती. त्यानंतर फॉर्म्युला वनची शर्यत या जुन्या भागावर परत आलीच नाही."

ही माहिती आत्ता देण्याचं काही कारण होतं का? बोलताना त्यांचा एक हात दाराच्या दांड्यावर होता आणि बोटं पांढरी पडली होती. तेव्हा मला कळलं, हा पोरगा माझ्याहून जास्त घाबरलाय. घाबरला की इतिहास सांगतो. ऋतूच्या लग्नात फेऱ्यांच्या वेळी पाण्याच्या टाकीची माहिती का देत होता, याचा उलगडा तिथे झाला. "मग वाचला ना तो?" मी विचारलं. "वाचला. सहा आठवड्यांत परत शर्यतीत उतरला." मग आम्ही दोघेही जरा सैल झालो.

आणि कारुसेल आलं. चढावरून जाताना पुढचं काहीच दिसत नाही, आणि मग डाव्या हाताला सिमेंटची उथळ घमेल्यासारखी एक खोलगट वाट. चाकं तिच्यात घालून, गाडी तिरकी करून, गोल फिरायचं. इथे मला एकदम घरच्यासारखं वाटलं. आंधळं वळण! अशा ठिकाणी काय करायचं असतं हे मला लहानपणापासून पाठ आहे, आपल्या प्रत्येक घाटात पाटी असते. मी हॉर्न दिला. लांबलचक, दणकून. न्यूर्बुर्गरिंगवर इतक्या वर्षांत काय काय झालं असेल, पण वळणावर नियमाने हॉर्न देणारा पहिला माणूस मीच असेन. सिमेंटच्या लाद्यांवरून गाडी धड-धड-धड वाजत होती, कवळी असती तर हातात आली असती, वायपर किर्र-खट चालूच होते, आणि मी हॉर्नवर हात ठेवून गोल फिरत होतो. सगळ्या फेरीत तेवढी सात-आठ सेकंदं मी खरोखर गाडी चालवली.

पुढचं सगळं आठवत नाही. ब्र्यून्शन नावाच्या वळणापाशी कठड्याबाहेर खुर्च्या टाकून माणसं बसलेली होती. कोण घसरतंय हे बघायला तिथे डबे घेऊन येतात. आमची पिवळी गाडी उन्हात वायपर हलवत, बैलगाडीच्या ऐटीत गेली तेव्हा ती सगळी उठून उभी राहिली. मी मान लववली. आणखी सहा-सात गाड्या पुढे गेल्या, त्यातल्या चार धुऊन.

शेवटच्या लांब सरळ रस्त्यावर बाहेर पडायची वाट आली. तिथे घड्याळ लावून फेरी मोजायला मनाई आहे. फार चांगला नियम. पण ऋतूने पार्किंगमध्ये बसून मोजलं. सतरा मिनिटं. टिमो बर्नहार्ट नावाच्या माणसाने २९ जून २०१८ रोजी हीच फेरी ५ मिनिटं १९.५ सेकंदांत मारली. त्याच्या तीन झाल्या असत्या, वर मिनिटभर हात-पाय धुवायला.

पार्किंगमध्ये गाडी थांबवली. ब्रेकचा करपलेला वास येत होता, पोळी तव्यावर विसरल्यासारखा. मला उतरायचं होतं पण पाय उतरत नव्हते. समोरून ऋतू आणि तिची आई आल्या. हिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग काचेकडे. वायपर सुरूच होते. काचेवर पाण्याचे ओघळ, अर्ध्या टपावरही पाणी. डोक्यावर स्वच्छ निळं आभाळ.

"पाऊस लागला का हो तिकडे?" तिने विचारलं.

मी निनादरावांकडे पाहिलं. निनादरावांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी शांतपणे हात लांब करून वायपर बंद केले.

"हो आई," ते म्हणाले, "बेर्गवेर्कच्या वळणाच्या बाजूला. बऱ्यापैकी होता."

हिने पर्समधून छत्री काढली आणि आमची वाट बघत तशीच, उघडून, उभी राहिली.