वांग्याची गोड भाजी

काल दारव्हा रोडवर त्या ढाब्याच्या जाहिरातीचा फ्लेक्स दिसला. १२ बाय ८ फुटांचा. मधोमध पनीर. फोटो मी काढलेला नव्हे, नेटवरून उतरवलेला, वर क्रीमची नक्षी. आणि खाली कोपऱ्यात, मोबाईल नंबर संपतो तिथे, मी फोटो काढलेला रोडगा, म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेला कणकेचा गोळा. एवढासा. बटाटा वाटत होता.

खाण्याचे फोटो काढणं हा माझा धंदा आहे. आईला अजून वाटतं की मी लग्नाचेच फोटो काढतो, फक्त पंगतीत बसून. तर त्या बटाट्यासाठी माझा एक अख्खा दिवस गेला होता. ढाबेवाला म्हणाला होता, "भाऊ, बोर्डावर आपलं काहीतरी पाहिजे. वावरात रोडगे करू, तुम्ही या." गेलो. माघाचं ऊन, कडुनिंबाखाली चूल, पलीकडे गोवऱ्यांचा इस्तो म्हणजे विस्तव, त्याच्या आईने पहाटेपासून मळलेली जाडसर कणीक. वास असा, की कॅमेरा बाजूला ठेवून आधी जेवून घ्यावं. ते केलं नाही, हीच चूक झाली.

रोडग्याचा फोटो काढणं सोपं नाही. कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर समोरचं सगळं जग १८ टक्के राखाडी आहे असं धरून चालतं. रोडगा तर राखेत लोळूनच आलेला! मीटर खूश, फोटो मात्र मातीच्या ढेकळाचा. वांग्याची भाजी काळसर, वरण पिवळट, तूप ओतलं की मुरून गायब. माझ्या आवडीचं सगळंच असं, झुणका, भरडा, अंबाडीची भाजी, गोळाभात. खाताना डोळे मिटतात ते बहुधा त्यासाठीच. एक सांभारवडी तेवढी कापली की हिरवीगार दिसते. (पुण्याकडच्यांसाठी सांगतो, आमच्याकडे सांभार म्हणजे कोथिंबीर. इडलीबरोबरचं नव्हे.)

आणि मग आबाजी आले. कोणाचे कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही. धुऱ्यावरून चालत आले, माझ्याशेजारी उकिडवे बसले आणि लेन्सकडे बोट दाखवलं.

"हे कितीचं हाय?"

मी खरं सांगितलं. १०० एमएमची मॅक्रो, ५५ हजार.

आबाजींनी डोळे मिटले. ओठ हलले. "सोयाबीन चार हजारानं गेलं औंदा. म्हंजे पावनेचौदा क्विंटल. मले एकरी चार झालं." डोळे उघडले. "साडेतीन एकराचा माल गड्या तू या डब्यात घेऊन फिरून रायला. अन् काढून काय रायला? वांगे."

"आबाजी, यातून फार जवळचं दिसतं."

"जवळचं तं मले चष्म्यानंबी दिसते. शिबिरात फुकट भेटला."

त्यांना कामाला लावावं म्हणून रिफ्लेक्टर धरायला दिला. चंदेरी बाजू ताटाकडे करा म्हटलं. दोन मिनिटांनी ताटावर अंधार. आबाजींनी तो फिरवून स्वतःच्या पाठीवर ऊन घेतलं होतं. "शेकाले बेस हाय हे," म्हणाले. मी काही बोललो नाही. वयाचा मान म्हणून नव्हे, साडेतीन एकर अजून कानात होते.

शेवटी ताट जमलं. रोडगा फोडलेला, तूप उतरतंय, भाजीवर सांभार, आणि सांभारावर दवासारखे थेंब. हे थेंब पाण्याचे नसतात. उन्हात पाणी लगेच वाळतं, म्हणून पाण्यात निम्मं ग्लिसरीन घालून फवारायचं. तासभर हलत नाहीत. चार फोटो झाले आणि बॅटरी संपली. दुसरी आणायला गाडीपर्यंत गेलो.

परत आलो तर ताट आबाजींच्या मांडीवर, रोडगा पोटात.

"थंडं होऊन रायलं होतं," ते शांतपणे म्हणाले. "अन्न हाय, मूर्ती थोडी हाय." मग बोट चाटलं, थांबले, आणि चुलीकडे तोंड करून ओरडले, "काऊन वो, भाजीत साखर टाकाले लागली काय? पुन्याची सून आनली का घरात?"

चुलीपाशी पळी थांबली.

"कोन म्हन्ते गोड?" काकू उठल्या. चाळीस वर्षं रांधणाऱ्या बाईला हे वाक्य म्हणजे शिवी. पातेल्यातली भाजी चाखली, ठीक. ताटातली चाखली. मग हळूहळू सगळ्या माना माझ्याकडे आणि माझ्या हातातल्या फवाऱ्याकडे वळल्या.

मी सांगितलं, ग्लिसरीन आहे, चवीला गोडच असतं, केकमध्येसुद्धा घालतात.

"कुठून आनलं?"

"मेडिकलमधून."

"खायची वस्तू हाय तं मेडिकलात कायले गेलता? किरान्यात नाई भेटत?"

याला उत्तर नव्हतं. जाहिरातवाले पाकाच्या जागी मोटारचं ऑइल ओततात आणि आइस्क्रीम म्हणून कुस्करलेला बटाटा ठेवतात, हे तोंडाशी आलं होतं. गिळलं. त्या दिवशी मी तेवढंच गिळलं. नंतर ताट वाढलं गेलं, पण काकूंनी तुपाचं भांडं माझ्यापाशी आणलंच नाही. कोरडा रोडगा ज्याने खाल्लाय त्याला हा अपमान कळेल.

बरं, एवढं करून बोर्डावर पनीर! ढाबेवाल्याला फोन केला तर म्हणतो, "भाऊ, गिऱ्हाईकाले लाल दिसलं पाहिजे." त्याच्या मेनूत पनीरचे अकरा प्रकार आहेत. मागे त्याचंच वांग्याचं वावर, बाजूला तूर, आणि तुरीच्या बांधावर बसून लोक 'दाल तडका' मागवतात. रोडगे ऑर्डरवर, एक दिवस आधी सांगून, किमान दहा माणसं. हे लोकांना नको आहे म्हणून बोर्डावर नाही, की बोर्डावर नाही म्हणून नको आहे? विचारलं नाही. माझ्या बिलातले हजार रुपये त्याने आधीच कापले होते. कारण लिहिलं होतं, 'भाजी'.

फोन ठेवणार तेवढ्यात तो म्हणाला, थांबा, आबाजीले बोलायचं हाय.

"गड्या, तुई बाटली इथंच रायली होती. टाचेच्या भेगाले लावली, बेस काम झालं." मग जरा थांबून, "संपली. येशीन तं एक घेऊन येजो."