खुंट लिंबाचा म्हणून संत्रं आंबट? नाही हो!

सध्या एक मेसेज जोरात फिरतोय की जंबेरी नावाच्या लिंबाच्या खुंटावर, म्हणजे मुळं देणाऱ्या खालच्या रोपावर, बांधलेली संत्र्याची कलमं घेऊ नका, खुंटातला लिंबाचा आंबटपणा फळात उतरतो. हे साफ चुकीचंय. आंबटपणा खुंटातून वर चढत नाही, तो फळाच्या फोडीतच तयार होतो आणि फळ संत्र्याचंच राहतं, खुंटावर बसवलेला डोळा (फांदीवरचा कोंब) ज्या झाडाचा त्याच झाडाचं. उलट जंबेरीची मुळं पाणी दणकून ओढतात, झाड माजतं, फळ मोठं होतं, साल जाड होते आणि रसात साखर अन् आम्ल दोन्ही कमी पडतं, म्हणजे तक्रार करायचीच तर पाणचट म्हणून करा, आंबट म्हणून कसली करताय!

खुंटाचा फरक पडतोच, नाही असं नाही. तीनपानी या संत्रावर्गीय झाडाच्या खुंटावर गोडी चांगली येते पण झाड लहान राहतं आणि आपल्या विदर्भातल्या चुनखडीच्या जमिनीत ते पिवळं पडतं. रंगपूर लाईम हा दुसरा खुंट अशा जमिनीत आणि पाण्याच्या ताणात बरा टिकतो.

मग अफवा आली कुठून? बऱ्याचदा बांधणीच्या जोडाखालून खुंटाचीच काटेरी फूट निघते, कोणी काढत नाही, ती वाढून तिला लिंबं लागतात आणि लोक म्हणतात झाड बाटलं. ती फूट कोवळी असतानाच बुडातून काढा. आणि आंबिया बहाराची (हिवाळ्याअखेरच्या फुलांची) फळं भाव बघून नीट पिकायच्या आधी ऑक्टोबरातच तोडली तर आंबट लागणारच ना, त्यात खुंटाचा काय दोष?