कुणी बोलत नाही म्हणजे कुणाला त्रास होत नाही, असं नसतं

प्रवासात मोबाइलचा स्पीकर चालू ठेवून व्हिडिओ बघणाऱ्याला आवाज कमी करायला सांगून बघा. "इतके लोक बसलेत, कुणी काही बोललं का? तुम्हालाच बरा त्रास होतो!" हे उत्तर हमखास मिळतं. त्या आवाजापेक्षा मला या उत्तराचा जास्त संताप येतो. आजूबाजूचे सगळे मुकाट सहन करत असतात आणि हा माणूस त्यांचं गप्प बसणं परवानगीसारखं पुढे करतो.

लोक गप्प बसतात कारण बोलणं महागात पडतं. रात्री एकटी प्रवास करणारी बाई समोरच्या चार जणांना काय सांगणार? आजारी माणसाच्या अंगात वाद घालायचं त्राण नसतं. तान्हं बाळ घेऊन बसलेल्या आईला, नुकतं झोपलेलं बाळ भांडणाने पुन्हा उठेल ही भीती असते. ज्यांना सगळ्यात जास्त त्रास होतो, तेच बहुतेक वेळा बोलू शकत नाहीत.

"मग लक्ष देऊ नका ना" असंही वर ऐकवतात. पण ते आपल्या हातात असतं का? कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० साली फोनवरच्या बोलण्यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. दोघांचं पूर्ण संभाषण कानावर पडत असताना लोक हातातलं काम नीट करू शकत होते, पण एकाच बाजूचं बोलणं ऐकू येत असलं की त्यांचं लक्ष जास्त ढळत होतं. पलीकडचा काय म्हणाला असेल, याचा अंदाज मेंदू आपोआप बांधत राहतो. त्यामुळे शेजारी कुणी मोठमोठ्याने फोनवर बोलत असताना तुमचं पुस्तक पुढे सरकत नसेल, तर तो तुमचा चिडका स्वभाव नव्हे.

लिफ्टमधले लोक बाहेर पडायच्या आत घुसणारे, रांग डावलून "फक्त एकच विचारायचंय" म्हणणारे, शेजारच्या सीटवर बॅग ठेवून झोपेचं सोंग घेणारे, हे सगळे रोजचेच. त्यांच्यावर जास्त लिहीत नाही.

मला खरं लिहायचंय ते फूटपाथवरच्या त्या पिवळ्या, उंचवट्यांच्या फरश्यांबद्दल. कित्येकांना त्या शोभेच्या वाटतात. जपानमधल्या सेइइची मियाके यांनी १९६५ साली दृष्टिहीनांसाठी त्या तयार केल्या आणि १९६७ साली ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर त्या पहिल्यांदा बसवल्या गेल्या. लांबट पट्ट्या असल्या की वाट सरळ आहे, गोल ठिपके आले की थांबा, पुढे रस्ता किंवा जिना आहे. पांढऱ्या काठीला आणि पायाच्या तळव्याला कळणारी ही खूण आहे. नेमकी तिच्यावर कुणीतरी दुचाकी लावून जातं. काठी टायरवर आपटते आणि त्या माणसाला अंदाजाने रहदारीच्या रस्त्यावर उतरावं लागतं. गाडीवाला म्हणतो, "दोन मिनिटांसाठीच लावली होती." त्या दोन मिनिटांत एखाद्याचा जीव जाऊ शकतो! व्हीलचेअरच्या उतारावर गाडी लावणाऱ्यांचंही तेच. आपण वळसा घालून, चार शिव्या मनात देऊन पुढे जातो. व्हीलचेअरवरच्या माणसाला वळसा घालायला जागाच नसते.

आणि हे एकावर थांबत नाही. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन शहरात एका गल्लीत उभ्या केलेल्या सायकलींच्या हँडलला जाहिरातीचे कागद अडकवून ठेवले होते. जवळपास कचरापेटी नव्हती. भिंत स्वच्छ होती तेव्हा ३३ टक्के लोकांनी कागद खाली टाकला. त्याच भिंतीवर रेघोट्या मारल्यावर ६९ टक्क्यांनी. हा प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. एकाने गाडी आडवी लावली की तासाभरात तिच्या शेजारी आणखी दोन का उभ्या राहतात, ते यावरून समजतं.

प्रत्येकाने प्रत्येक वेळी भांडावं असं मी म्हणणार नाही, ते सगळ्यांना झेपणारं नाही आणि कधीकधी धोक्याचंही असतं. माझं मागणं त्याहून लहान आहे. कुणीतरी धीर करून "आवाज कमी करता का?" म्हणालं, तर तेव्हा खिडकीबाहेर बघू नका. "हो, मलाही त्रास होतोय" एवढं बोला. पहिल्याला एकटं पाडता येतं म्हणूनच समोरचा वर आवाज चढवतो. दुसरा आवाज आला, की बरेचदा तो मुकाट्याने खिशातून इयरफोन काढतो.