बोकड, बिबट्या आणि मामा

आमच्या शाळेत कुठलीही गोष्ट सुरू करा, चौथ्या वाक्याला बिबट्या येतो. जुन्नर तालुका, तिन्ही बाजूंनी ऊस आणि मधोमध जिल्हा परिषदेची दोनशिक्षकी शाळा. दुसरं कोण येणार? ससा-कासवाच्या शर्यतीतही आमच्या तिसरीच्या वर्गात कासवच जिंकतं, पण ससा शिल्लकच राहत नाही म्हणून.

अशा वर्गाकडून ‘डिजिटल कथा’ करून घ्या, असा मेसेज शिक्षकांच्या ग्रुपवर पडला. वर ‘अत्यंत तातडीचे’, खाली ‘आज ५ वाजेपर्यंत लिंक भरणे’. आमच्या ग्रुपवर बिनतातडीचं फक्त वाढदिवसाचं येतं.

त्याआधी तालुक्याला प्रशिक्षण झालं होतं. चहा, बिस्किट, सही, फोटो आणि मग पडदा. पडद्यावरून कळलं की हे प्रकरण अमेरिकेतलं. सॅन फ्रान्सिस्कोत १९९४ च्या सुमारास डाना ॲचली, जो लॅम्बर्ट वगैरे मंडळींनी साध्या माणसांना आपल्या आयुष्यातली खरी गोष्ट, आपल्याच आवाजात, आपलीच चित्रं लावून दोन-तीन मिनिटांत सांगायला शिकवलं. पुढे २००१ पासून बीबीसीनं वेल्समध्ये लोकांकडून अशाच गोष्टी करून घेतल्या. लॅम्बर्टसाहेबांची सात तत्त्वंही आहेत: स्वतःचा दृष्टिकोन, उत्कंठा लावणारा प्रश्न, भावना, स्वतःचा आवाज, संगीत, काटकसर आणि गती. ‘काटकसर’ दिसताच हॉलमधले पेंगणारे सगळे सावरून बसले. सादिलच्या, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चाच्या, पावत्या ज्यानं जोडल्यात, त्याला काटकसर अमेरिकेनं शिकवावी?

तसे आम्ही डिजिटल आहोतच. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड मुलं झटक्यात स्कॅन करतात. मग पडद्यावर एक गोल फिरत राहतो, मुलं एकाग्र चित्तानं त्या गोलाकडे बघतात आणि तास संपतो. शिवाय सरपंच भेटले की हमखास टोकतात, “बाई, त्या सोलापूरकडच्या गुरुजींना क्यूआर कोडवर सात कोटी मिळाले. आपलं कधी?” परितेवाडीच्या डिसले गुरुजींना २०२० साली दहा लाख डॉलरचा जागतिक पुरस्कार मिळाला, हे गावात सगळ्यांना पाठ आहे. त्यातले निम्मे त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या शिक्षकांना वाटून टाकले, हे मात्र सरपंच ऐकून घेत नाहीत.

तर पहिलं काम रेकॉर्डिंग. त्यासाठी शांतता लागते, आणि आमच्या शाळेत शांतता फक्त खिचडी वाढताना असते. वर्गात मोबाईल धरला तर गोष्टीत भंगारवाल्याचा भोंगा, उसाचा ट्रॅक्टर आणि “बाई, लघवीला जाऊ?” हे सगळं शिरलं. शेवटी पोषण आहाराच्या खोलीत गेलो. तांदळाची पोती आवाज असा काही पिऊन टाकतात की स्टुडिओवाल्यांनी येऊन बघावं. एकेका मुलाला पोत्यावर बसवायचं, दार ओढून घ्यायचं आणि बोल म्हणायचं. उंदीर अधूनमधून हजेरी लावत, पण त्यांचा आवाज बारीक.

चित्रांचं काम मुलांनी हौसेनं केलं. बिबट्यांमुळे वर्गातले सगळे पिवळे खडू संपले, म्हणून शेवटचे दोन बिबटे हिरवे आहेत. चित्राचा फोटो काढताना माझ्या डोक्याची सावली त्यावर पडे, ती तशीच राहिली. एका पालकांनी ‘ढग छान आलेत’ म्हणून कळवलं. जोडणीच्या ॲपला मराठी वेलांटीचं वावडं. शीर्षकात ‘बिबट्या’ लिहिलं की पडद्यावर ‘बबिट्या’ उमटे. व्हिडिओ तयार होताना आकडा नव्वदच्या पुढे गेला की ‘जागा अपुरी’. जागा कुणी खाल्ली म्हणून पाहिलं, तर नातेवाइकांच्या गुलाबाच्या फुलांनी. समस्त काकांचं ‘शुभ सकाळ’ पुसलं, तेव्हा कुठे बिबट्याला जागा झाली.

आणि मग बारक्या. हा पोरगा वर्गात हजेरीला ‘हजर’ एवढंच बोलतो, तेही शेजारच्यानं ढोसल्यावर. पोत्यावर बसला, मोबाईलकडे बघितलं आणि एका दमात म्हणाला, “आमच्या बोकडाला बिबट्यानं नेलं. दुसऱ्या दिवशी मामा आले. मग आम्ही मटण खाल्लं.”

संपली गोष्ट. मी थक्क. दृष्टिकोन आहे, भावना आहे, गती आहे, काटकसर तर विचारूच नका. आणि उत्कंठेचा प्रश्न असा, की सॅन फ्रान्सिस्कोत कुणाला सुचला नसता. मी संगीत म्हणून मागे संबळ लावला आणि लिंक भरली.

व्हिडिओ गावच्या ग्रुपवर कसा पोहोचला ते ग्रुपलाच माहीत. दुसऱ्या दिवशी प्रार्थना संपायच्या आत बारक्याचे वडील फाटकात उभे. बिबट्यानं जनावर मारलं की वनविभाग पंचनामा करून भरपाई देतो, आणि त्यांचा कागद नुकताच पुढे सरकला होता.

“बाई, ते शेवटचं वाक्य तेवढं काढा.”

“अहो, पण तोच तर शेवट आहे.”

“मटण नारायणगावहून आणलं होतं. बाजारातून. विकत.”

“मग तसं सांगायला सांगू का त्याला?”

ते थोडा वेळ उसाकडे बघत राहिले. “नको. वांग्याची भाजी म्हणू द्या.”

इकडे वरूनही अभिप्राय आला होता: ‘उपक्रम स्तुत्य. घटनांमध्ये सुसंगती आढळत नाही. व्हिडिओ उभा आहे, आडवा करून पुन्हा पाठवावा.’ म्हणजे पुन्हा रेकॉर्डिंग आलंच. मुख्याध्यापक गुरुजींनी खिचडीसाठी तांदूळ उपसायला घेतला होता, त्यांना थांबवलं. बारक्या पुन्हा पोत्यावर बसला. बोकड नीट गेला, मामा नीट आले. मग तो अडखळला. मी खुणेनं ‘वांगी, वांगी’ केलं.

“मग आम्ही वांग्याची भाजी खाल्ली,” असं तो अशा काही आवाजात म्हणाला की बोकड गेल्याचं दुःख त्यापुढे काहीच नव्हतं. दाराबाहेर कान लावून बसलेली अख्खी तिसरी खो-खो हसली, तेही रेकॉर्ड झालं. मी मोबाईल बंद केला, तर बारक्या जागचा हलेना.

“काय रे?”

“बाई, वांग्याच्या भाजीला मामा कशाला येतील?”