पाठ कुठे, पोट कुठे : जीएसके-३वरच्या आक्षेपाला उत्तर

नमस्कार. तुमचा आक्षेप असा : जीएसके-३ हे मुळात स्नायूंतल्या ग्लायकोजेनशी (साठवलेल्या साखरेशी) संबंधित विकर (एन्झाइम), बेडकावरच्या एखाद्या प्रयोगाच्या जोरावर मी माझ्या लेखात त्याला ‘गर्भाचा शिल्पकार’ केलं, आणि उंदरात त्याचं जनुक काढलं तरी पाठ-पोट नीट घडतं, मग शिल्पकार कसला?

‘शिल्पकार’ हा शब्द मागे घेतो. तो चुकलाच, कारण या विकराचं काम घडवण्याचं नाही, अडवण्याचं आहे. बीटा-कॅटेनिन या प्रथिनाला ते फॉस्फेट चिकटवतं. तसं झालं की पेशी ते प्रथिन मोडून टाकते. झेनोपस बेडकाच्या अंड्यात शुक्रपेशी शिरली की अंड्याचा बाहेरचा थर आतल्या गरावरून साधारण ३० अंश सरकतो. मग शुक्रपेशी शिरली त्याच्या समोरच्या बाजूला जीएसके-३ थंडावतं, बीटा-कॅटेनिन साठतं, केंद्रकात शिरतं आणि ती बाजू पाठ होते.

एका प्रयोगाचा मात्र हा प्रश्न नाही. १९९५ मध्ये वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी या विकराचं निकामी रूप भ्रूणाच्या पोटाकडच्या पेशींत सोडलं, तर तिथे दुसरा पाठकणा उभा राहू लागला. उलट, चालू रूप पाठीकडे सोडलं तर पाठच दबली. आणि लिथियमची गोष्ट तर मला या विषयात सर्वांत जवळची. हर्ब्स्ट या जीवशास्त्रज्ञाने १८९२ मध्ये समुद्री अर्चिनच्या भ्रूणांना लिथियम देऊन त्यांची घडण बिघडलेली पाहिली. ते नेमकं कशाला धरतं हे कळायला शतक लागलं : क्लाइन आणि मेल्टन या संशोधकांनी १९९६ मध्ये दाखवलं की लिथियम जीएसके-३लाच रोखतं.

आता उंदीर. त्याच्यात या विकराची दोन जनुकं आहेत, अल्फा आणि बीटा. तुम्ही म्हणता त्या उंदरांत फक्त बीटा काढलेलं होतं. अल्फा काम सांभाळत होतं. २००७ मध्ये मूलपेशींत दिसलं की दोन्ही जनुकांच्या प्रत्येकी दोन, अशा चारपैकी तीन प्रती गेल्या तरी बीटा-कॅटेनिनवरचा ताबा सुटत नाही. तरीही बीटा नसलेली ती पिल्लं गर्भातच मरतात, कारण यकृताच्या पेशी मरतात. हे २००० सालीच प्रसिद्ध झालं होतं आणि मी ते लिहायला हवं होतं. तिथे अल्फा कमी पडतं. यकृताचा हा भाग आज मूळ लेखात घालतो आहे.

आणखी एक, इतर वाचकांसाठी : लिथियम हे मनोविकारावरचं औषधही आहे; घरात कुणी त्याची गोळी घेत असेल, तर हे वाचून ती परस्पर बंद करू नका. गरोदरपणातला निर्णय डॉक्टरांसोबतच घ्या.