खाटकाचा पोऱ्या आणि आमची सायकल शर्यत

इटलीतल्या नोव्ही लिगुरे गावच्या सायकल संग्रहालयावरचा लेख आवडला. लोखंडाच्या जुन्या कारखान्यात चॅम्पियन लोकांच्या सायकली मांडल्यात, हे वाचूनच बरं वाटलं. फक्त एक दुरुस्ती. लेखात जिरार्देंगो आणि कोप्पी हे दोघंही सायकलपटू नोव्हीचेच म्हटलंय. जिरार्देंगो (जन्म १८९३) तिथलाच, पण कोप्पी जवळच्या कास्तेल्लानियाचा, १९१९ चा. नोव्हीत तो आला खाटकाच्या दुकानात कामाला, सायकलवरून मटण पोचवायला! पाच वेळा जिरो (इटलीची मोठी सायकल शर्यत) आणि दोनदा तूर (तशीच फ्रान्सची) जिंकणाऱ्याची सुरुवात ही अशी. त्याला घडवला कावान्ना नावाच्या आंधळ्या मालिशवाल्यानं. हातानं पोटऱ्या चाचपून तो गड्याचा दम ओळखायचा म्हणे. लेखात याचं नावच नाही, हे जरा खटकलं.

आमच्या खानापूर भागातल्या गावच्या जत्रेतही सायकल शर्यत व्हायची. वडील शर्यतीच्या आदल्या रात्री दुधाच्या सायकलचं कॅरिअर, मडगार्ड, स्टँड, सगळं खोलून परड्यात ठेवायचे आणि चेन रॉकेलनं धुवायचे. सकाळी शर्यत, दुपारी परत सगळं जोडून दूध घालायला बेळगावला. बक्षिसात मिळालेली स्टीलची घागर आई अजून वापरते, तिच्या गळ्यावर कोरलेला 'दुसरा क्रमांक' घासून घासून आता जेमतेम दिसतो.

आमच्याकडं असं संग्रहालय करायला बेळगावच्या उद्यमबागेत एखादी बंद फौंड्री, निपाणीत एखादी तंबाखूची रिकामी वखार मिळायला काय अवघड आहे? भिंतीवर टांगायला घागर मी देतो. आईला विचारून.