पहिल्या रांगेचा मान

नाटकाला पहिली रांग मानाची आणि सिनेमाला तीच सर्वांत स्वस्त, हा उफराटा न्याय आमच्या नाट्यवेड्या थोरल्या काकांना अखेरपर्यंत पटला नाही. बालगंधर्वांच्या शालूचे जरीकाम जिथून दिसते तिथेच सभ्य माणसाने बसावे, अशी त्यांची धारणा असल्यामुळे पेठेतल्या थिएटरात आम्हा भावंडांना प्रत्येक सिनेमा मान मागे टाकून पाहावा लागे. नायकाच्या नाकपुड्यांची जेवढी माहिती मला आहे, तेवढी त्याच्या डॉक्टरलाही नसेल.

मुंबईत ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली, तेव्हा तिकीट सरसकट एक रुपया होते. तोच खेळ लवकरच नॉव्हेल्टी थिएटरात गेला आणि तिथे चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत दर लागले. मराठी मानेचे हाल त्या चार आण्यांपासून सुरू झाले असावेत, असा माझा दाट संशय आहे.

मुख्य चित्रपटाआधी फिल्म्स डिव्हिजनचा माहितीपट सक्तीचा असे. त्यात महापूर आला की धाकटी बहीण पाय वर घेऊन बसे, आणि पहिल्या रांगेतून पाहणाऱ्याला ते अजिबात वेडेपणाचे वाटत नसे. खरा प्रसंग मात्र पुढेच होता. हजार फुटांचे रीळ साधारण अकरा मिनिटांत संपते, आणि एकच प्रिंट दोन थिएटरांत चालवायची असली की तिकडची संपलेली रिळे सायकलवरून इकडे येत. सायकलस्वार कुठे अडकला की पडदा पांढरा पडे, मागून शिट्ट्या सुरू होत आणि पडद्याच्या दिशेने भिरकावलेली शेंगांची टरफले, लोकांचा नेम कच्चा असल्यामुळे, आमच्या डोक्यांवर येऊन पडत. काका तेवढ्यातही मागे वळून 'शांतता राखा' असे बजावत, त्यामुळे पुढची टरफले नेमकी त्यांच्यावर येत.

एकदा ओळखीतून बाल्कनीचे पास मिळाले. पाठीला गादी आणि समोर अख्खा पडदा! नायिकेला कपाळ आणि हनुवटी एकाच वेळी असतात, हे मला त्या दिवशी कळले. काका मात्र उठून थेट डोअरकीपरकडे गेले आणि म्हणाले, ''इतक्या लांबून आमची दाद कलावंतांना ऐकू कशी जाणार?''

''मी कळवतो त्यांना,'' असे म्हणून त्याने दार लावून घेतले.